रोप ओढून वाढत नाही



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि कीड-रोग यांबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. तुमच्या घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाबद्दल आज बोलू. संध्याकाळी दप्तर उघडले की त्याला एकदम तहान लागते, मग पोटात दुखते, मग पेन्सिल हरवते. दहा मिनिटांत तो पाच वेळा उठतो. शेवटी घरातल्या कुणाचा तरी आवाज चढतो, पाठीत धपाटा बसतो आणि अभ्यास रडण्यात बुडून जातो. दिवसभर राबून आलेल्या आईबापांची आणि लेकराची, सगळ्यांचीच संध्याकाळ कडू होते.

हे चित्र पुष्कळ घरांत आहे. माझ्याही घरात होते. म्हणून आज उपदेश करायला नव्हे, तर पाहिलेले आणि भोगलेले सांगायला बसलो आहे.

वाडीतली एक सकाळ

वसईच्या पश्चिम पट्ट्यात आगाशीकडे एका बागायतदाराची मोगऱ्याची वाडी आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांच्या मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी पडली, म्हणून त्यांनी मला बोलावले. सुट्टीचा दिवस होता. पण किडीला सुट्टी नसते, म्हणून सकाळीच गेलो. ओटीवर नुकत्याच तोडलेल्या कळ्यांचा ढीग होता. माल दादरच्या फुलबाजारात जायचा होता. घरातली आजी आणि एक सात वर्षांचा मुलगा समोरासमोर बसून पोखरलेल्या कळ्या वेगळ्या काढत होते.

मी वाडीत फेरी मारली, झाडे पाहिली, फवारणीबद्दल सांगितले आणि परत ओटीवर येऊन बसलो. चहा आला. मधल्या काळात अर्धा-पाऊण तास गेला असेल. मुलगा जागचा हलला नव्हता. एकेक कळी उचलायची, बोटांत फिरवायची, बारीक भोक किंवा जांभळट डाग दिसला की बाजूला टाकायची. टेम्पोचा हॉर्न वाजला, कुत्रे भुंकले, मी पाहुणा समोर येऊन बसलो; त्याची मान वर झाली नाही.

मी सहज विचारले, "कितवीत आहे हा?"

वडील म्हणाले, "दुसरीत. पण साहेब, याचं काही खरं नाही. दोन मिनिटं एका जागी बसत नाही. रोज पट्टी घेऊन बसतो मी त्याच्याजवळ. परवा वही सापडेना. शोधली तर पाठीमागे तोडलेल्या केळीच्या बुंध्यांत खुपसून ठेवलेली. पुढच्या वर्षी हॉस्टेलला टाकतो म्हणजे सुधारेल."

आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण 'हॉस्टेल' हा शब्द ऐकून तिने पदर डोळ्याला लावला. मुलाचा हात मात्र तेवढ्यात थांबला होता. इतका वेळ कशानेही न हललेले ते लेकरू त्या एका वाक्याने हलले.

मी म्हणालो, "दादा, दोन मिनिटं बसत नाही म्हणता, आणि माझ्यासमोर तो पाऊण तास बसलाय. तुमच्या मुलाजवळ लक्ष आहे. ते वहीजवळ आलं की पळून का जातं, एवढंच आपल्याला शोधायचंय."

मंडळी, माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. लक्ष मुलाजवळ असतेच. धाकाने ते वहीत ओतता येत नाही. त्याला मान दिला, जागा दिली आणि त्याची मोडतोड आपण थांबवली, तर ते आपोआप वाढते.

आपल्याच जिल्ह्यातला धडा

हे माझ्या डोक्यातून आलेले शहाणपण नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात हे ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

डहाणू तालुक्यातल्या बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. नोकरीच्या सुरुवातीला शेतीच्या प्रशिक्षणासाठी मी कोसबाडला जात असे. तेव्हा ताराबाई जाऊन वीस वर्षे उलटली होती आणि अनुताईही १९९२ साली गेल्या होत्या. पण त्यांच्या गोष्टी तिथल्या माणसांच्या तोंडी होत्या. दिवसभर भातबियाणे आणि चिकूची कलमे शिकायची आणि संध्याकाळी या गोष्टी ऐकायच्या.

आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नसत. ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. मुले का येत नाहीत ते त्यांनी पाहिले. मूल लहान भावंडाला सांभाळते, म्हणून येत नाही. तर भावंडासाठी पाळणाघर काढले. लहान मुले पाड्यावरून हलत नाहीत. तर पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली. मुले गुरे राखायला जातात. तर शिक्षक त्यांच्यामागे कुरणावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. महागडी साधने आणायला पैसे नव्हते. तर बिया, खडे, शिंपले, पाने यांवर मोजणी शिकवली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेला या कामाचा मोठा आधार आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

ताराबाईंच्या विचारांवर इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा प्रभाव होता. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब कामगारांच्या वस्तीत 'बालकांचे घर' काढले. तिथे त्यांनी एक तीन वर्षांची मुलगी पाहिली. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहान-मोठ्या दट्ट्या बसवण्याचा तिचा उद्योग चालला होता. बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. पण ती आपल्या कामातून हलली नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम पुन्हा पुन्हा केले आणि मग समाधानाने हसून थांबली. लहान मुलाला लक्ष लागत नाही, हा समज त्या मुलीने खोटा ठरवला. मला आगाशीच्या ओटीवरचा मुलगा पाहून तीच मुलगी आठवली.

आपल्याला ओरडलेले चालते का?

मी त्या बागायतदारांना एक प्रश्न विचारला. "दादा, मी पहिल्यांदा तुमच्या वाडीत आलो, तेव्हा तुम्ही गरजेपेक्षा जास्त युरिया टाकत होतात. मी चारचौघांत तुम्हाला 'तुम्हाला काही कळत नाही, शेजारचा बघा कसा हुशार' असं म्हणालो असतो, तर?"

ते हसले. "तर तुम्हाला परत वाडीत पाऊल टाकू दिलं नसतं."

कृषी विस्ताराच्या कामात माझी सगळी हयात गेली. रागावून कुणा शेतकऱ्याने वाण बदललेला मी पाहिला नाही. त्याच्या बांधावर जायचे, त्याचे आधी ऐकायचे, दोन गुंठ्यांवर करून दाखवायचे आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यायचे, हीच रीत चालते. मोठ्या माणसाला जो मान लागतो तोच छोट्या माणसालाही लागतो. भाताचे रोप वरून ओढले म्हणून वाढत नाही. ओढले तर मुळे तुटतात. आपण वाफा नीट करतो, पाणी देतो, तण काढतो. वाढायचे काम रोपाचे असते.

आणि आणखी एक सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांस बंदी आहे. जे शाळेत कायद्याने बंद झाले, ते आपल्या ओटीवर का चालू राहावे?

लक्ष मोडतो कोण?

त्या घरी मी आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेही मुद्दाम संध्याकाळी. मुलगा वही घेऊन बसला होता. मी नुसता बघत राहिलो. वीस मिनिटांत आजीने त्याला तपकिरीची डबी आणायला उठवले. काकांनी मोबाइल शोधायला लावला. आईने वाण्याकडून मीठ आणायला पाठवले. आतल्या खोलीत टीव्हीवर मालिका चालू होती. आणि प्रत्येक वेळी तो परत येऊन बसला की वडील म्हणत, "बघा, कसा उठतोय सारखा!"

मी हे मोजून सांगितले तेव्हा घर गप्प झाले. आजी म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे आम्हीच की हो!"

बंधूंनो, मुलाचे लक्ष बहुतेक वेळा आपणच मोडतो आणि दोष त्याला देतो. कळ्या निवडताना त्याला कुणी उठवत नव्हते, कारण ते काम पैशाचे होते. वहीचे काम कुणाला काम वाटतच नव्हते. मुलाला हे बरोबर कळते.

घरात काय करावे?

त्या कुटुंबाला मी ज्या गोष्टी सांगितल्या त्या तुम्हालाही सांगतो. यातल्या एकीलाही पैसे पडत नाहीत.

पहिली गोष्ट, जागा. ओटीचा किंवा पडवीचा एक कोपरा त्याचा असू द्या. एक चटई, एक पाट, पुरेसा उजेड. पुस्तक, पाटी, पेन्सिल तिथेच राहील. अभ्यास चालू असताना टीव्ही बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलाचा मोबाइल बंद आणि बापाचा चालू, असे चालत नाही.

दुसरी गोष्ट, वेळ. शाळेतून आल्या आल्या बसवू नका. आधी खाऊ द्या, वाडीत पळू द्या, वासराशी खेळू द्या. मग रोज एका ठरलेल्या वेळी बसवा. झोप डोळ्यांवर येईपर्यंत थांबू नका; पेंगुळलेल्या मुलाला शिकवणे म्हणजे भिजलेल्या जमिनीत नांगर घालणे. या वयाच्या मुलाला रात्री नऊ-दहा तास तरी झोप हवी.

तिसरी गोष्ट, थोडे थोडे. आपण पाणी देताना सगळे शेत एकदम बुडवत नाही, एकेक वाफा भिजवतो. अभ्यासाचेही तसेच. दहा-पंधरा मिनिटे काम, मग उठून पाणी पिणे, झाडाला हात लावून येणे, मग पुन्हा दहा-पंधरा मिनिटे. एक पान पूर्ण झाले की त्याला 'झाले' म्हणण्याचे सुख मिळू द्या.

चौथी गोष्ट, त्याला विचारा. "आधी गणित करतोस की आधी वाचन?" एवढा एक प्रश्न. अभ्यास करायचा की नाही हे तो ठरवणार नाही. पण कुठून सुरुवात करायची हे त्याला ठरवू द्या. आपण निवडलेल्या कामाकडे माणूस जास्त मनाने बसतो, मग तो सात वर्षांचा असो की सत्तर.

पाचवी गोष्ट, जवळ बसा, पण डोक्यावर बसू नका. आईने शेंगा सोलाव्यात, आजीने गजरे करावेत, वडिलांनी मालाचा हिशेब लिहावा. सगळे आपापल्या कामात गर्क आहेत हे पाहून मूलही गर्क होते. तो चुकत असेल तर लगेच बोट ठेवू नका. पुष्कळदा त्याची चूक त्यालाच दिसते आणि तो खोडतो. ती संधी हिरावून घेऊ नका. अक्षर येत नसलेल्या आईनेही "मला वाचून दाखव, आज काय शिकलास?" असे विचारले तरी पुरते. तिथे मूल शिक्षक होते आणि आई विद्यार्थी. याहून मोठा मान कोणता?

सहावी गोष्ट, घरची बोली. आपल्या वसईत कुणाच्या घरी कादोडी बोलतात, कुणाच्या घरी वाडवळी, कुणाच्या पाड्यावर वारली. शाळेत पुस्तकी मराठी. मुलाची दोन भाषांत ओढाताण होते आणि आपल्याला वाटते त्याचे लक्ष नाही. धडा त्याला घरच्या बोलीत सांगू द्या. समजले की पुस्तकातले शब्द मागून येतात. त्याच्या बोलण्याला हसू मात्र नका.

सातवी गोष्ट, शब्द. 'ढ', 'मठ्ठ', 'याचं काही खरं नाही' हे शब्द घरातून काढून टाका. काकांच्या मुलीशी तुलना करू नका. नुसते 'शाब्बास' म्हणण्यापेक्षा जे पाहिले ते सांगा: "हातच्याचं गणित तू दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर केलंस." आपली मेहनत कुणी पाहिली, हे कळण्यात मोठे बळ असते.

मान देणे म्हणजे लाड करणे नव्हे, हेही ध्यानात ठेवा. अभ्यासाची वेळ झाली म्हणजे झाली. तो रडला तरी वेळ बदलत नाही, आणि तो चुकला तरी आवाज चढत नाही. बांध पक्का असावा, पण त्याला काटेरी तार नको.

आधी शरीर पाहा

कधी कधी दोष मनात नसतो, शरीरात असतो. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, कानात काही असेल, अंगात रक्त कमी असेल, पोटात जंत असतील तर मूल एका जागी कसे बसणार? आपल्या पालघरलाच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. या कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळांत आणि अंगणवाड्यांत येऊन मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. जंताची गोळीही शाळेत व अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका. आणि या सगळ्यानंतरही मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच मागे पडत असेल, अक्षरे ओळखताना सतत अडत असेल, तर शिक्षकांशी बोला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. त्यात कमीपणा काही नाही. पान पिवळे पडले तर आपण झाडाला मारत नाही. कशाची उणीव आहे ते पाहतो.

माझी चूक

आता माझ्याबद्दल. माझा मुलगा लहान होता तेव्हा मी दिवसभर गावोगावच्या शेतकऱ्यांशी गोड बोलायचो आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच्यावर ओरडायचो. पाढे चुकले की हात उगारायचो. कोसबाडच्या गोष्टी मला ठाऊक होत्या, पण त्या भाषणात सांगण्यापुरत्या. मुलगा शिकला, नोकरीला लागला, सगळे ठीक आहे. पण आजही त्याला काही अडचण आली की तो आईला फोन करतो. मी फोन उचलला तर म्हणतो, "बाबा, जरा आईला द्या." पाढे त्याला पाठ झाले, पण चूक झाली की बाबांपासून लपवायची, हेही त्याच वेळी पाठ झाले. केळीच्या बुंध्यात लपवलेली ती वही ऐकून मला म्हणूनच चैन पडले नाही.

पुढे काय झाले?

त्या घरात जादू झाली नाही. पहिले पंधरा दिवस मुलगा तसाच उठत होता. वडिलांचा हात दोनदा पट्टीकडे गेला, असे त्यांनीच मला सांगितले. मग पट्टी त्यांनी माळ्यावर टाकली. वाण्याकडचे सामान आता काका आणतात. संध्याकाळी ओटीवर आजी गजरे करते आणि नातू तिच्या शेजारी बसून लिहितो. त्याच्या वाटणीच्या कळ्या निवडण्याचे काम सुट्टीच्या सकाळीच असते, आणि निवडलेल्या कळ्यांचे वजन काट्यावर तोच वाचून वहीत मांडतो.

परवा मी गेलो तेव्हा त्याने आपण होऊन वही आणून माझ्यापुढे ठेवली. पानावर दोन गणिते चुकलेली होती. ती त्याने झाकली नाहीत. "ही दोन चुकलीत, उद्या बाबांबरोबर बघणार आहे," म्हणाला. तो वर्गात पहिला आलेला नाही. हॉस्टेलचे नाव मात्र आता त्या घरात निघत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, पीक एका हंगामात गेले तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. बालपणाला दुसरा हंगाम नसतो. आज संध्याकाळी दप्तर उघडले की टीव्ही बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा, आपले काम घेऊन लेकराशेजारी बसा आणि पंधरा मिनिटे त्याला कुणीही उठवू नका. एवढ्यापासून सुरुवात करून पाहा.